केमोच्या आधी शुक्राणू साठवणं: भावासाठी आत्ता काय करायचं आणि हे आधी कुणी का सांगत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझा धाकटा भाऊ 22 वर्षांचा आहे. त्याला हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) निघालाय. आम्ही लातूरकडचे, पण उपचार मुंबईत आहेत. पुढच्या आठवड्यात केमो सुरू होईल. वॉर्डातल्या एका सिस्टरनी जाता जाता सांगितलं की केमोच्या आधी शुक्राणू साठवून ठेवता येतात. डॉक्टर याबद्दल काही बोलले नाहीत. आई म्हणते, आधी जीव वाचू दे. हे खरंच करावं का? किती वेळ लागतो? आणि एवढं महत्त्वाचं असेल तर सगळ्यांना सांगत का नाहीत?"

ताई, करा. आणि केमोची पहिली बाटली लागायच्या आधी करा. बाकीचं खाली सविस्तर लिहितो, पण आज वाचायला सवड नसेल तर एवढंच करा: उद्या सकाळी ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, भेटून किंवा फोन करून सांगा, "भावाचे शुक्राणू फ्रीझ करायचेत, केमोच्या आधी दोन दिवस मिळतील का आणि चिठ्ठी द्याल का?" असं थेट विचारलं की बहुतेक डॉक्टर लगेच हो म्हणतात.

मी बरीच वर्षं पुरुष वंध्यत्वाचं काम करतोय. कॅन्सर झालेले पुरुष माझ्याकडे दोन वेळी येतात. काही जण केमोच्या आधी, घाईघाईत, हातात फाइल घेऊन. बाकीचे सहा-आठ वर्षांनी, कॅन्सरमधून पूर्ण बरे होऊन, लग्न करून, बायकोला सोबत घेऊन. या दुसऱ्या गटातल्यांच्या तपासणीत शुक्राणू शून्य आले की मी विचारतो, उपचारांच्या वेळी यावर कुणी काही बोललं होतं का? फार वेळा उत्तर येतं, "नाही." त्यांच्या आजाराचे उपचार उत्तम झालेले असतात. फक्त हा एक प्रश्न कुणीच विचारलेला नसतो. म्हणून त्या सिस्टरचे आभार माना.

आता मुळात होतं काय ते सांगतो. केमोची औषधं वेगाने विभागणाऱ्या पेशी मारतात. केस गळतात, तोंड येतं ते त्यामुळेच. वृषणात शुक्राणू तयार होण्याचं काम असंच अखंड चालू असतं. एक शुक्राणू मूळ पेशीपासून तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. सगळीच औषधं सारखं नुकसान करत नाहीत. सायक्लोफॉस्फामाइड, आयफॉस्फामाइड, प्रोकार्बाझिन, बुसल्फान, मेल्फालान ही मंडळी मूळ पेशींनाच धरतात. एकूण डोस जितका मोठा तितकी शुक्राणू परत येण्याची शक्यता कमी. सिस्प्लॅटिननंतर बऱ्याच जणांचे परत येतात, पण वर्ष-दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जातो. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाआधीच्या मोठ्या डोसनंतर किंवा सर्वांगाला रेडिएशन दिल्यावर आशा फार थोडी उरते.

हॉजकिनमध्ये एबीव्हीडी नावाची चार औषधांची योजना दिली जाते. तुमच्या भावाला ती देणार असतील तर डॉक्टर म्हणतील, "यात बहुतेकांचे शुक्राणू परत येतात." ते खरं आहे. तरीही साठवा असं मी का म्हणतो? आजार उलटला तर पुढची औषधं फार कडक असतात आणि त्यात बहुधा प्रत्यारोपणही येतं. त्या वेळी साठवायचं म्हटलं तर तोवर पहिली केमो होऊन गेलेली असते, काउंट (शुक्राणूंची संख्या) घसरलेला असतो आणि उरलेल्या शुक्राणूंच्या जनुकीय द्रव्यालाही इजा झालेली असू शकते. शिवाय काही ठिकाणी, आजार जास्त पसरलेला असेल तर, सुरुवातीलाच बीकॉप नावाची जास्त कडक योजना देतात. त्यात सायक्लोफॉस्फामाइड आणि प्रोकार्बाझिन दोन्ही आहेत. स्वच्छ नमुना मिळण्याची वेळ आत्ताचीच आहे.

आईंना जे वाटतं ते चुकीचं नाही. जीव आधीच. पण इथे जीव आणि साठवणूक यांच्यात निवड करायचीच नाहीये. हॉजकिनचं निदान झाल्यापासून केमो सुरू होईपर्यंत काही दिवस तपासण्यांमध्ये जातातच. पेट स्कॅन असतो. एबीव्हीडीतलं ॲड्रियामायसिन हृदयाला झेपेल का हे पाहायला टू-डी एको असतो, त्यातल्याच ब्लिओमायसिनसाठी पीएफटी, म्हणजे फुफ्फुसांच्या क्षमतेची तपासणी, असते. औषध शिरेतून देण्यासाठी पोर्ट किंवा पिक लाइन (शिरेत ठेवायची नळी) घालायची असते. नमुना याच दिवसांत देऊन होतो. ना ऑपरेशन, ना भूल, ना इंजेक्शन. बायकांच्या बाबतीत बीजांडं साठवायची तर दहा-बारा दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतात. पुरुषाचं काम एका सकाळी उरकतं. पुरुषाच्या बाबतीत "वेळ नव्हता" हे कारण फार थोड्यांनाच लागू पडतं. अक्यूट ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर, हा त्यातला खरा अपवाद. तिथे कधी कधी त्याच संध्याकाळी औषध सुरू करावं लागतं, अंगात ताप असतो, प्लेटलेट खाली असतात. तशा वेळी वॉर्डातच एक नमुना मिळाला तर घ्यावा, नाहीतर उपचार थांबवू नयेत.

प्रत्यक्षात काय करायचं ते सांगतो. आधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि व्हीडीआरएल (सिफिलिससाठीची) या रक्ततपासण्या लागतात. त्याशिवाय केंद्र नमुना मुख्य टाकीत ठेवत नाही. भाऊ दाखल झाला तेव्हा यातल्या बहुतेक झालेल्या असतील. त्याच रिपोर्टची झेरॉक्स न्या, एक दिवस वाचेल. दोन-तीन दिवसांचा खंड ठेवून नमुना दिला तर काउंट चांगला मिळतो, पण वेळ नसेल तर आज एक आणि उद्या एक असे दिले तरी चालतात. दोन किंवा तीन नमुने मिळाले तर उत्तम. डबी केंद्रातूनच घ्यायची, रुंद तोंडाची आणि निर्जंतुक. साबण, तेल, थुंकी, साधा कंडोम यांतलं काहीही वापरायचं नाही, त्याने शुक्राणू मरतात. केंद्राबाहेर नमुना दिला तर डबी शर्टाच्या आत, अंगाला लागून ठेवायची आणि एका तासाच्या आत पोचवायची. बर्फ मुळीच नको.

इथेच एक अडचण येते, आणि ती मोठ्या हॉस्पिटलांच्या नियोजनात कुणी धरलेलीच नसते. गावाहून आलेला पेशंट दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी उतरलेला असतो. सोबत आई-वडील असतात, शेजारी दुसरं कुटुंब असतं. बावीस वर्षांच्या मुलाने अशा ठिकाणी नमुना द्यायचा कसा? हॉस्पिटलच्या सार्वजनिक संडासात पाठवतात, बाहेर कुणीतरी दार वाजवत असतं. त्यात निदानाचा धक्का, खोकला, ताप, कधी मॉर्फिनसारखी वेदनाशामकं. मग नमुना येत नाही आणि पोरगा मान खाली घालून बाहेर येतो. म्हणून केंद्र निवडताना, नमुना देण्यासाठी आतून कडी लागणारी स्वतंत्र खोली आहे ना, हे आधी विचारा. सकाळची वेळ घ्या. सोबत एकच माणूस असू द्या आणि त्यानेही खाली थांबावं. तुमच्याशी बोलायला भावाला संकोच वाटत असेल तर त्याच्या दाजींना किंवा जवळच्या मित्राला बोलायला सांगा. पण हे करायचं की नाही ते त्याने ठरवायचं आहे. तो सज्ञान आहे, आणि सही त्याचीच लागणार आहे.

दोनदा प्रयत्न करूनही जमलं नाही तर मार्ग संपत नाहीत. व्हायब्रेटरने उत्तेजना देता येते, भूल देऊन विजेच्या सौम्य झटक्याने वीर्य मिळवता येतं, किंवा वृषणातून सुईने अथवा छोट्या छेदातून शुक्राणू काढता येतात. वृषणाचा कॅन्सर असलेल्यांत निदानाच्या वेळीच काउंट कमी असण्याचं प्रमाण बरंच आहे. तिथे ऑपरेशनच्या टेबलावरच शुक्राणू शोधून साठवता येतात, पण त्यासाठी सर्जन आणि लॅब यांचं बोलणं आदल्या दिवशी झालेलं असायला हवं.

रिपोर्टमध्ये काउंट कमी आला तर "आता काय उपयोग" म्हणून सोडून देऊ नका. 1992 पासून इक्सी नावाचं तंत्र आहे, ते ब्रुसेल्समध्ये विकसित झालं. त्यात एका बीजांडात एकच शुक्राणू टोचतात. म्हणजे डबीत मूठभर जिवंत शुक्राणू असले तरी साठवण्यासारखे आहेत. गोठवून वितळवल्यावर हालचाल करणारे निम्म्याच्या आसपास उरतात हे धरूनच आम्ही चालतो.

गोठवणं म्हणजे नेमकं काय, हे वडिलांना समजावताना मला फार बोलावं लागत नाही. ज्यांच्या गोठ्यात गाय आहे त्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्यातला नायट्रोजनचा कॅन आणि त्यातून निघणारी रेतमात्रा पाहिलेली असते. तत्त्व तेच: द्रवरूप नायट्रोजन, उणे 196 अंश सेल्सियस, आणि बर्फाच्या सुयांनी पेशी फाटू नयेत म्हणून ग्लिसरॉलसारखं संरक्षक द्रव्य. माणसाच्या गोठवलेल्या शुक्राणूंपासून पहिल्या गर्भधारणा अमेरिकेत झाल्याचं 1953 मध्ये जाहीर झालं. म्हणजे हे तंत्र नवंही नाही आणि महागही नाही. आपल्याकडे द्रवरूप नायट्रोजन तालुक्यापर्यंत पोचतो, गाईंसाठी तो वर्षानुवर्षं पोचतोय. त्यामुळे लातूर, नांदेड, जळगावच्या पोरांना ही सोय जवळपास मिळत नाही याचं कारण तांत्रिक आहे, हे मला पटत नाही.

खर्चाचं बोलू. गोठवण्याचा आणि साठवणुकीच्या वार्षिक भाड्याचा खर्च हजारांत असतो, केंद्रागणिक वेगळा. पुढे इक्सी करायची वेळ आली तर तो खर्च वेगळा आणि मोठा, लाखाच्या पुढे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन होतं, पण हा खर्च बहुधा स्वतःच करावा लागतो. खासगी विम्यात तर वंध्यत्व हे ठरावीक वगळण्यांच्या यादीतच असतं. माझं म्हणणं असं की हे वंध्यत्वाचे उपचार धरूच नयेत. केमोमुळे होणारं नुकसान टाळण्याचा हा भाग आहे, जशी उलटी होऊ नये म्हणून केमोआधी गोळी देतात तसा. फ्रान्समध्ये 1973 पासून चालत आलेल्या वीर्यपेढ्यांमध्ये कॅन्सरच्या पेशंटचं साठवणं सार्वजनिक आरोग्य विम्यातून होतं. आपल्याकडे कॅन्सरच्या पॅकेजमध्येच ही छोटी रक्कम धरली तर योजनेवर ओझं पडणार नाही. तोवर तुम्ही हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन विचारा. काही ट्रस्ट असा खर्च उचलतात, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

आता कायदा. 2021 चा सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा जानेवारी 2022 पासून लागू आहे. त्याखाली नोंदणी झालेल्या केंद्रातच साठवा आणि नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला मागा. या कायद्यात सेवेसाठी पुरुषाचं वय 21 ते 55 ठेवलंय. तुमच्या भावाला अडचण नाही. पण सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आला की केंद्रं बिचकतात, कारण कॅन्सरसाठी अपवाद कलमात स्पष्ट लिहिलेला नाही. साठवणुकीला 10 वर्षांची मर्यादा आहे, आणि बहुतेक केंद्रं ती सगळ्याच नमुन्यांना लावतात. इंग्लंडमधलं एक उदाहरण सांगतो. 1979 मध्ये मँचेस्टरला वृषणाचा कॅन्सर झालेल्या 17 वर्षांच्या मुलाचे शुक्राणू गोठवले. ते 21 वर्षं टाकीत राहिले आणि त्यांच्यापासून 2002 मध्ये त्याला मुलगा झाला. आपल्या नियमांत तो मुलगा आधी वयात अडकला असता आणि मग मुदतीत. ब्रिटनने 2022 मध्ये आपली मुदत 55 वर्षांपर्यंत वाढवली. आपल्याकडे वैद्यकीय कारणासाठी वयाची आणि मुदतीची स्पष्ट सवलत लिहायला हवी. ती मिळावी म्हणून आमच्या क्षेत्रातल्यांनीच पाठपुरावा करायला हवा, पेशंट कुठे कुठे धावेल? तुम्ही मात्र 10 वर्षांनंतर नमुन्याचं काय करणार, हे केंद्राकडून लेखी घ्या, आणि दर वर्षी भाडं भरल्याची पावती जपून ठेवा. भाडं थकलं, फोन नंबर बदलला, पत्र परत गेलं, आणि मग नमुना टाकून दिला, असं होऊ नये.

संमतीपत्रात एक रकाना असतो: पेशंटचा मृत्यू झाला तर नमुन्याचं काय करायचं. तो भरल्याशिवाय केंद्राला साठवताच येत नाही. बावीस वर्षांच्या मुलासमोर हा प्रश्न ठेवणं जड जातं, म्हणून पुष्कळदा कुणीतरी घाईत खूण करून टाकतं. तसं होऊ देऊ नका. ऑक्टोबर 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कॅन्सरने गेलेल्या एका अविवाहित तरुणाचा साठवलेला नमुना त्याच्या आई-वडिलांना द्यायला सांगितलं. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका आईने अर्ज केला. तिच्या मुलाने फॉर्मवर "मृत्यूनंतर नष्ट करावा" असं निवडलं होतं, आणि न्यायालयाने अर्जाचा निकाल लागेपर्यंत नमुना जपून ठेवायचा आदेश दिला. भावाला हा रकाना एकट्याने, शांतपणे वाचू द्या. त्याला जे वाटेल ते त्याने लिहावं.

बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांमध्ये शुक्राणू तयारच झालेले नसतात. तिथे वृषणाचा छोटा तुकडा गोठवून ठेवतात, पण ते अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. पिट्सबर्गच्या संशोधकांनी या मार्गाने माकडाचं पिल्लू जन्माला आल्याचं 2019 मध्ये जाहीर केलं. माणसात नेहमीचे उपचार म्हणून ते अजून वापरत नाहीत.

सगळ्यांना का सांगत नाहीत, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी टाळणार नाही. ऑन्कॉलॉजिस्टच्या ओपीडीत प्रचंड गर्दी असते हे खरं. आई-वडिलांसमोर हा विषय काढायला रेसिडेंटला (वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरला) अवघडल्यासारखं होतं हेही खरं. "अविवाहित आहे", "गरीब आहे", "दोन मुलं आहेतच की" असं मनात ठरवूनही गप्प बसतात. पण सगळ्यात मोठं कारण मला वेगळंच दिसतं: विचारल्यावर पेशंटला पाठवायचं कुठे, हे डॉक्टरांना माहीत नसतं. ज्या विभागात भिंतीवर केंद्राचा नंबर लावलाय तिथून मला पेशंट येतात. जिथे नंबर नाही तिथून येत नाहीत, मग डॉक्टर कितीही चांगले असोत. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने 2006 मध्येच लिहून ठेवलंय की हा विषय उपचारांच्या आधी, शक्य तितक्या लवकर काढावा. मार्गदर्शक सूचना आहेत, त्या फाइलच्या पहिल्या पानावर आलेल्या नाहीत एवढंच.

म्हणून मला वाटतं, हे डॉक्टरांच्या आठवणीवर आणि पेशंटच्या धिटाईवर सोडूच नये. बायोप्सीचा रिपोर्ट हाती आला की त्याच दिवशी, केमोची तारीख ठरायच्या आधी, फाइलमध्ये एक ओळ भरलीच पाहिजे: प्रजननक्षमतेबद्दल बोलणं झालं का, पेशंटला साठवायचं आहे का, कुठे पाठवलं. ती भरल्याशिवाय केमोची ऑर्डर पुढे जाऊ नये. बोलायचं काम एका ठरलेल्या माणसाकडे असावं, सिस्टर किंवा समाजसेविका, आणि ते मुलाशी एकट्याशी व्हावं. नॅशनल कॅन्सर ग्रिड हे कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं 2012 पासून आहे, टाटा मेमोरियल त्याच्या केंद्रस्थानी आहे आणि देशभरातली 300 हून जास्त हॉस्पिटलं त्याला जोडलेली आहेत. ग्रिडने ही एक ओळ सगळ्यांच्या फॉर्मवर आणली तर लातूरच्या मुलाला मुंबईत पोचायच्या आधीच ही गोष्ट कळेल. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर हॉस्पिटलसारख्या ठिकाणी कडी लागणारी एक खोली आणि नायट्रोजनची एक टाकी, एवढ्याने मराठवाड्याची बरीच सोय होईल.

घरच्यांच्या मनात दोन भीती असतात, बोलून दाखवत नाहीत. पहिली, केमोनंतर तो "पुरुष" राहील का? पुरुषी हार्मोन तयार करणाऱ्या पेशी वेगळ्या असतात आणि त्या पुष्कळ चिवट असतात. बहुतेकांचं लैंगिक आयुष्य पूर्ववत होतं. दुसरी, होणारं बाळ नीट असेल का? केमोच्या आधी साठवलेल्या शुक्राणूंपासून झालेल्या मुलांत व्यंगांचं प्रमाण वाढल्याचं दिसलेलं नाही. घराण्यात चालत येणारे काही कॅन्सर असतात, त्यांच्यासाठी जनुकीय समुपदेशन लागतं. हॉजकिनमध्ये सहसा तो प्रश्न येत नाही. आणि साठवलेला नमुना बहुतेकांना लागतही नाही, दहांतल्या जेमतेम एका पुरुषाला तो वापरावा लागतो. बाकीच्यांना मुलं नैसर्गिकपणे होतात, किंवा त्यांना मूल नको असतं. या साठवणुकीची बाहेर वाच्यता करायची गरज नाही. लग्नाच्या वेळी होणाऱ्या बायकोला मात्र सांगावं, आणि ते भावानेच सांगावं.

उपचारांनंतर वर्षभराने वीर्याची तपासणी करा, शून्य आली तर दर वर्षी पुन्हा करा. तीन-चार वर्षांनीही शुक्राणू परत आलेले मी पाहिले आहेत. उपचार चालू असताना आणि त्यानंतर निदान वर्षभर गर्भधारणा टाळायची, "आता काय होणार" म्हणून गाफील राहायचं नाही. आणि अशक्तपणा घालवायला म्हणून कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं, डॉक्टर असो की जिमवाला, तर आधी माझ्यासारख्या कुणाला विचारा. बाहेरून हार्मोन दिलं की वृषणातलं शुक्राणूंचं काम बंद पडतं.

उद्याच्या चिठ्ठीवर ऑन्कॉलॉजिस्टकडून चार गोष्टी लिहून घ्या: निदान, कोणती औषधं देणार, केमोची तारीख, आणि रक्ताच्या त्या चार तपासण्यांचे निकाल. भावाचं आधार कार्ड सोबत असू द्या. केंद्राला आधी फोन करून "केमोचा पेशंट आहे, तारीख अमुक" एवढं सांगा, आणि सकाळची वेळ द्या म्हणा.